पेन्सिलचा गोल

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून या वहीत हर्षाली असं पूर्ण लिहायचं नाही. नुसतं ह. आईला वाचता येतं, आणि ती वाचते.

पेरूला माल चाललाय. ऐंशी ड्रम, प्लांट दोनचं २१७ नंबरचं केमिकल. आईला सांगितलं तर म्हणाली, "पेरवांचा गाव हाय का कुठं?" तिकडे स्पॅनिश चालते, म्हणून लेबल स्पॅनिशमध्ये पाहिजे. आख्ख्या कंपनीत स्पॅनिश येणारी एकटी ह., एक्स्पोर्टचे कागद तीच करते. आणि मग पॅकिंगचा मी, मोबाईलवर पाच महिने शिकलेला. का शिकलो ते लिहायची गरज नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलाशी. "कॉलेज मधेच का सोडलंस रे दर्शन?" खरं सांगितलं. प्रॅक्टिकलच्या सरांच्या अंगावर जर्नल भिरकावलं, माफी मागायला गेलो नाही. वाटलं हसेल. "माफी मागायला काय ड्रम उचलावा लागतो?" म्हणाली.

डब्यात केळफुलाची भाजी, त्यांच्या केळवे-माहीमच्या वाडीतली. एक घास मला. उरलेला दिवस कसा गेला आठवत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

मोठं लेबल झालं. ते ड्रमच्या पोटावर लागतं, लाल चौकटी, धोक्याच्या खुणा. सगळं ह. ने केलं. राहिलं छोटं स्टिकर, झाकणाजवळचं. त्यावर एकच ओळ. ड्रम जोडण्याआधी लाइन (म्हणजे पाइप) फ्लश करा. बस.

तिथे ती अडली. स्पॅनिशमध्ये म्हणे फ्लशला एक शब्दच नाही. कशाने करताय, कशासाठी करताय, त्यावर शब्द बदलतो. "प्लांटमध्ये नक्की काय करतात ते विचारायचं आणि मगच टाकायचं." शब्दाभोवती पेन्सिलने गोल केला. तिचा गोल कधी जुळत नाही. शेवटी बारीक फट राहते.

मग कागद आवरता आवरता, "उद्या मी नाही. घरी पाहुणे आहेत."

"कुठले?"

"वसईचे."

"कशाला येतायत?"

"तुला कशाला रे?"

कळलं. बघायला येतायत. जिना उतरताना रेलिंगवर मूठ घातली. बोटं सुजली. हे त्याच हाताने लिहितोय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

उद्या शुक्रवार, एमआयडीसीची सुट्टी. म्हणून कंटेनर आजच हलवायचा. मॅनेजर नाईकसाहेब, यापुढे नुसतं ना.सा., सकाळपासून पॅकिंगच्या डोक्यावर. "ए स्पेन, एका शब्दासाठी गाडी उभी ठेवू काय? मॅडम नाहीत ना, तू टाक. एवढा पाच महिने पोपटासारखा बडबडतोस."

प्लांट दोन पलीकडच्या टोकाला. कशाला जायचं? मी स्वतः आठ महिने प्लांट एकला होतो. लाइन फ्लश म्हणजे काय ते मला शिकवणार? पाणी सोडायचं, स्वच्छ येईपर्यंत.

मोबाईलवर डिक्शनरी उघडली. फ्लश. संडासात पाणी सोडणे. पत्त्यांतला एक डाव. कडेला कड लागून सपाट. चेहरा लाल होणे, त्याला सोनरोहारसे. तिथेच थांबलो. अकरा वाजले होते. माहीमला ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत असेल, आणि कुणीतरी वसईचा तिच्या चेहऱ्याकडे

पुढे वाचलंच नाही नीट. त्याच्या खाली खळबळून धुणे, एन्हुआगार. हा ओळखीचा. टाकला. रबराने गोल खोडला.

कागदावर 'तपासले' म्हणून चौकोन असतो, तिथे ह. ची सही लागते. आमच्याकडे जो हजर तो गैरहजराची मारतो. गेटपास असो, हजेरी असो, कुणाला काही वाटत नाही. तिची मला येते. दिवाळीआधी पावत्या अडकल्या होत्या तेव्हा तिनेच शिकवली. "ह मोठा काढ, पुढे नुसती लाट." मारली. छान आली.

ना.सा. म्हणाले, "शाब्बास स्पेन." पाच वाजता कंटेनर गेटाबाहेर. ती आल्यावर सांगेन, बघ, तुझ्याशिवाय केलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी. बाइक काढून माहीमला गेलो. मूर्ख. तिचे बाबा वाडीच्या कुंपणाशी नारळ मोजत होते. मला तिसऱ्यांदा फेरी मारताना बघून म्हणाले, "कोणाकडे जायचाय?"

"केळव्याला रस्ता कुठून?"

"ज्या रस्त्यानं तीनदा गेलास तोच हाय."

१० नोव्हेंबर, सोमवार

ह. आली. "त्यांना मी पसंत आहे," म्हणाली. "मी अजून काही सांगितलं नाही."

मग पर्स ठेवता ठेवता, "त्या ओळीचं प्लांटला विचारलंस ना?"

"हो."

१२ नोव्हेंबर, बुधवार



चहाच्या टपरीवर रामसजीवन चाचा भेटला. प्लांट दोनचा जुना ऑपरेटर, वीस वर्षं २१७ च्याच लाइनवर. मी फुशारकीत सांगत होतो, पेरूवाले आता माझ्या शब्दावर लाइन धुणार. विचारलं, "चाचा, २१७ की लाइन फ्लश करने में पानी कितना लगता है?"

त्याने ग्लास खाली ठेवला. "पानी?"

बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गुळगुळीत, गुलाबी, प्लास्टिकसारखी. एक केस नाही.

"एक बाल्टी भी नहीं था बेटा. लाइन में थोड़ा-सा पानी रह गया था. २१७ को पानी छुआ कि धुआँ. मेरा तो हाथ गया. जो नीचे झुका था, उसका फेफड़ा."

"तो फ्लश?"

"नाइट्रोजन. सूखा. ये तो अपने यहाँ झाड़ू मारने वाला भी जानता है."

सगळ्यांना माहीत. म्हणूनच कुणी कधी लिहिलं नाही. इंग्लिशमध्येही नाही.

ऐंशी ड्रम. ऐंशी झाकणांजवळ लिहिलंय, धुवा. मी माझ्या हाताने चिकटवलं, कोपरे नीट दाबून.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी जरा धीर आला. ड्रमच्या पोटावर ह. ने लिहिलंयच ना, पाण्यापासून दूर ठेवा. मोठ्या अक्षरात. ते वाचतील.

चाचाला तेवढंच विचारलं, बाकी काही सांगितलं नाही. तो म्हणाला, "पेट का कौन पढ़ता है? आदमी ढक्कन खोलने आता है, ढक्कन के पास का पढ़ता है."

डिक्शनरीत खाली, खळबळून धुण्याच्याही खाली होतं. पुर्गार. वायूने किंवा द्रवाने लाइन मोकळी करणे. अंगठा एकदा वर सरकवला असता तर दिसलं असतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पाण्याचा आवाज सहन होत नाही. बाबा बंदरावरून आले, अंगणात पाइप लावून जाळी धूत बसले. मी ओरडलो, "बंद करा ते!" कशाला ते मलाच माहीत नाही. बाबा बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो.

आई म्हणाली, "तोंड कशानं उतरलाय तुजा? जेवत नाय, बोलत नाय. पोरगीचा हाय ना काय?"

"नाय."

"मंग त्याहून वाईट हाय," म्हणाली आणि भाताचं पाणी काढायला आत गेली. तोही आवाज.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

जहाज कुठे आहे ते वेबसाइटवर दिसतं. निळ्यावर एक हिरवा ठिपका. दिवसातून वीसवीस वेळा बघतो. ठिपका हलत नाही असं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी सरकलेला असतो.

तिकडे एक माणूस असेल. माझ्याच वयाचा, स्टिकर वाचून काम करणारा. न वाचणारा, अंदाजाने करणारा कदाचित सुटेल. नीट वाचून, सांगितलं तसंच करणारा सुटणार नाही.

ह. ला सांगायला तीनदा गेलो. पहिल्यांदा ती फोनवर. दुसऱ्यांदा ना.सा. तिथे. तिसऱ्यांदा एकटीच होती, मी स्टेपलर मागून परत आलो.

काम गेलं तरी चालेल. घरी मार खायला तयार आहे. पण कागदावर नाव तिचं आहे. तपासले, आणि खाली तिची सही. तिकडे कुणाला काही झालं तर पहिला प्रश्न तिला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ना.सा.कडे गेलो. शब्द चुकला एवढंच बोललो.

"जहाज समुद्रात. आता काय पोहत जाणार?"

"मेल करू या साहेब. स्टिकर काढून टाका म्हणून."

"मेल केली की लेखी झालं. लेखी झालं की माल परत, मग चौकशी. मग 'तपासले'त कुणाची सही ते बघणार." चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. "कुणाची आहे रे?"

मी टेबलावरचं पेपरवेट फिरवलं.

"मॅडमची आहे ना? त्या तर रजेवर होत्या. अरे, ती लोकं शिकलेली असतात, काय नाय होत. तुला मॅडमला बुडवायचंच असेल तर कर मेल."

खुर्चीला लाथ मारली. खुर्ची पडली. त्यांनी उचलून जागेवर ठेवली आणि म्हणाले, "झालं? जा आता."

सही कुणी मारली ते यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं.

सुटल्यावर नाक्यावर ती शेअर रिक्षाची वाट बघत होती. सगळं एका दमात. प्लांट एक, पाणी, चाचाचा हात, झाकण. तिने मधे तोडलं नाही. मग एकच विचारलं, "गोल केला होता मी. तो कुठे गेला?"

"खोडला."

"आणि सही?"

"मारली."

"सही मीच शिकवली तुला, ती माझी चूक. पण मी आल्यावर विचारलं होतं. तेव्हा जहाज निघालंही नव्हतं दर्शन. बंदरावर होता माल. तू हो म्हणालास."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. दहा तारखेला माल बंदरावर होता. एका फोनवर थांबला असता. एवढे दिवस मी त्या चुकलेल्या शब्दाला भीत होतो, माझ्या 'हो'ला नाही.

रिक्षा आली. ती बसली. मागची जागा रिकामी होती, मला कुणी बस म्हणालं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

"दर्शन, ती फाइल द्या." द्या. अहो-जाहो करतेय. शिवी दिली असती तर बरं.

१ डिसेंबर, सोमवार

ह. ने बोलावलं. टेबलावर दुरुस्तीचा कागद तयार. स्टिकर काढा, पाणी वापरू नका, लाइन कोरड्या नायट्रोजनने मोकळी करा. पुर्गे. शब्द टाकण्याआधी ती स्वतः प्लांट दोनला जाऊन चाचाला विचारून आली.

"किती वेळ लागला जायला?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"चार मिनिटं."

कागदावर या वेळी दोन चौकोन. 'चुकीची ओळ कोणी लिहिली' असा एक, तिनेच केलेला. माझ्याकडे सरकवला. पूर्ण नाव लिहिलं, बाबांच्या नावासकट. 'तपासले'त तिने सही केली. तेव्हा बघितलं, तिची लाट शेवटी कागदावरून अलगद उचलली जाते. मी मारली होती ती शेवटपर्यंत दाबलेली. कुणीही नीट बघितलं असतं तर ओळखलं असतं.

ना.सा.ना न विचारता मेल पाठवली. बटण दाबण्याआधी तिने दोनदा हात मागे घेतला. मला वाटलं होतं फक्त मीच घाबरलोय.

४ डिसेंबर, गुरुवार

ना.सा.ना कळलं. मेमो तिला. परवानगीशिवाय पार्टीला पत्र.

मी आत शिरलो. "सही मी मारली. मला द्या मेमो."

"तू कंत्राटी. तुला कसला मेमो? आणि हे तोंडी झालं."

तिथेच कागद मागून लिहून दिलं. आवाज चढवला नाही. त्यांनी वाचलं, दोनदा घडी घातली, खणात टाकलं आणि खण लावून घेतला. आता तो कागद तिला वाचवायला बाहेर येईल की कधीच येणार नाही, त्यांच्या हातात.

पेरूचं उत्तर नाही.

१० डिसेंबर, बुधवार

दुसरी मेल. उत्तर नाही. ह. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडत नाही. म्हणाली, "बाबा म्हणतात, मेमो आलाय तर सोड नोकरी, वसईला हो म्हणून टाक." कुणाला सांगितलं ते कळलं नाही. मला की खिडकीला.

एरवी पेटलो असतो. आज फक्त ठिपका बघितला. पनामाच्या अलीकडे.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सुट्टी. बंदराच्या भिंतीवर बसलो होतो. वेबसाइटवर ठिपका किनाऱ्याला चिकटला. पोचलं.

२२ डिसेंबर, सोमवार

उत्तर आलं! ह. ने धावत बोलावलं. वाचता वाचता ती खाली बसली. मशीनने पाठवलेलं उत्तर. नाताळची सुट्टी, ऑफिस पाच जानेवारीपर्यंत बंद. शुभेच्छा. खाली एक घंटा, एक लाल फीत.

पण ट्रॅकिंगवर कंटेनर बंदराबाहेर पडलेला दाखवतंय. कुणीतरी घेऊन गेलं.

२३ डिसेंबर, मंगळवार

ह. ने कागद उपसले. माल ऑफिसच्या पत्त्यावर जातच नाही. दुसऱ्या गावात त्यांचं गोडाऊन आहे, तिथे. कागदाच्या तळाशी फोन नंबर. लावला तेव्हा तिकडे रात्र, कुणी उचलला नाही. उद्या त्यांच्या सकाळी लावायचा. बसून वाक्यं पाठ केली. चार वाक्यं. तिने माझा उच्चार दोनदा दुरुस्त केला. तेवढंच बोलणं.

२४ डिसेंबर, बुधवार

संध्याकाळचे साडेसहा, तिकडे सकाळचे आठ. ऑफिसात दोघंच. फोन स्पीकरवर, मधे वाक्यांचा कागद.

"तू बोल," म्हणाली.

"तुला माझ्यापेक्षा चांगली येते."

"तू लिहिलंस. तूच बोल."

'तू' म्हणाली, 'तुम्ही' नाही. आता लिहिताना लक्षात येतंय.

सहा रिंग. म्हाताऱ्या माणसाचा आवाज, वॉचमन असावा. मी वाक्यं म्हटली. इंडियातून बोलतोय. ड्रम उघडू नका. पाणी नको. नो आग्वा, सेन्योर, नो आग्वा. तो भरभर काहीतरी म्हणाला. मला एकच शब्द कळला, ओई. आज. ह. ला जास्त कळलं असणार, तिचा चेहरा पांढरा पडला. ओठांनीच म्हणाली, "आज उघडतायत."

"उन मोमेन्तो," एक मिनिट, म्हणाला आणि फोन कशावर तरी ठेवला. चपलांचा आवाज लांब गेला. लोखंडी दार कुरकुरलं. दार उघडं राहिलं असावं, कारण मग ते ऐकू आलं.

पाणी. कुठेतरी धार लागली होती. मोठी, पाइपची. अंगण धूत असतील. ट्रक धूत असतील. सकाळी आठला माणूस काहीही धुतो.

ह. ने माझी मूठ धरली. "ओरड," म्हणाली.

ओरडलो. टेबलावर ठेवलेल्या फोनात, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, नो आग्वा, नो आग्वा, घसा फाटेपर्यंत. आमचा वॉचमन गेटावरून धावत वर आला, "काय झाला?" धार चालूच. मग फोन कट.

"परत लाव."

लावला. एंगेज. परत. एंगेज. ह. मोबाईलवर त्यांच्या गावच्या अग्निशमनचा नंबर शोधतेय, एका हाताने. दुसरा हात अजून माझ्या मुठीवर आहे, तो काढायचं तिला सुचलेलं नाही. मी डाव्या हाताने हे लिहितोय, काहीतरी केलंच पाहिजे म्हणून.

लागला. रिंग जातेय.